खदानीचं पाणी आणि आपली विहीर



गेल्या पंधरवड्यात तीन वेगवेगळ्या कास्तकारांनी एकच प्रश्न विचारला. "भाऊ, विहिरी खदानीनं आटल्या का आपल्याच बोअरनं?" थोडक्यात उत्तर द्यायचं तर दोन्हीनं. पण त्यानं कोणाचं काम होत नाही. कोणामुळं किती, हे सांगता आलं तरच पुढं काही मागता येतं. म्हणून आजची नोंद लांब आहे. सवडीनं वाचा.

विषय आत्ताच काढायचं कारण आहे. आमच्या शिवाराच्या उत्तरेला भूमिगत कोळसा खदान आहे. आजवर तिचं काम दूर होतं. आता आमच्या धुऱ्यांखालच्या भागातले कोळशाचे खांब काढायला घेणार अशी गावात चर्चा आहे. ते काम सुरू झाल्यावर विहिरीची आधीची पातळी मोजता येत नाही. ती आधीच मोजून ठेवावी लागते, आणि त्यासाठी आपल्या हातात फार तर एक पावसाळा आहे.

खाली काय आहे

नागपूर-चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा ज्या खडकात आहे त्याला बराकार म्हणतात. त्याच्या वर, काही ठिकाणी मधे मोटूरचा चिकण थर सोडून, कामठी वालुकाश्म येतो. हे नाव आपल्या कामठी गावावरूनच पडलं. हा रेतीचा खडक सच्छिद्र आहे, पाणी धरतो आणि देतोही चांगलं. आपले दोनशे-तीनशे फुटांचे चांगले बोअर बहुतेक यातच लागतात. त्याच्या वर मुरूम, माती, कुठं काळा पाषाण. आपल्या तीस-चाळीस फुटांच्या साध्या विहिरी या वरच्या थरातल्या पाझरावर चालतात.

म्हणजे एकाच वावराखाली पाण्याचे दोन मजले आहेत. वरचा मजला विहिरीचा, खालचा बोअरचा, आणि त्याच्याही खाली कोळसा. मधला चिकण थर जिथं जाड आहे तिथं दोन मजल्यांचा एकमेकांशी संबंध कमी. जिथं तो पातळ आहे किंवा नाहीच, तिथं खाली झालं ते वर कळतं. "माझ्या शेजाऱ्याची विहीर आटली, माझी तशीच आहे, मग खदानीचा काय संबंध" असं कोणी म्हणालं तर आधी हे दोन मजले आठवा.

खदान पाणी का उपसते

आमच्या गावात एक काका आहेत. पंप खलाशी म्हणून नोकरीचा जन्म खाली काढला, आता निवृत्त आहेत. चावडीवर कोणी म्हणालं की खदानवाल्यांनी आपलं पाणी चोरलं, तर ते शांतपणे म्हणतात, "बापू, मी मोटर बंद केली असती तर पुढच्या पाळीतली पोरं वर आली नसती."

ते खरं आहे. खदानीत प्रत्येक सेक्शनच्या सखल जागी पाण्याचा खड्डा करतात, त्याला संप म्हणतात. छतातून, भिंतीतून, फाटलेल्या जागेतून आलेलं पाणी तिथं जमतं. लहान पंप ते मोठ्या संपात टाकतात, आणि मोठे पंप तिथून वर. दिवाळी असो की संप-हरताळ, पंप चालूच राहतात. कोळसा काढणं थांबवता येतं, पाणी काढणं थांबवता येत नाही.

थांबलं किंवा फसलं तर काय होतं, याची उदाहरणं देशात आहेत. धनबादजवळ चासनाला इथं २७ डिसेंबर १९७५ ला जुन्या पाणी भरलेल्या कामातलं पाणी खालच्या खदानीत घुसलं आणि ३७५ माणसं गेली. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं. तिथं अडकलेल्या ६५ कामगारांना जसवंतसिंग गिल यांनी नवीन बोअर पाडून, त्यातून पोलादी कॅप्सूल सोडून वर आणलं. त्यावरचा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मेघालयात डिसेंबर २०१८ मध्ये उंदीर-बिळासारख्या बेकायदा खाणीत पाणी भरून माणसं अडकली ती परत आलीच नाहीत.

म्हणूनच जुन्या, पाणी साचलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत विनापरवाना काम करायचं नाही, आणि तिकडं सरकताना पुढं बोअर मारत, पाणी आहे का ते तपासत जायचं, असा आपल्याकडं नियम आहे. हे आधी सांगतो कारण आपलं भांडण त्या पंपाशी नाही. पंप चाललाच पाहिजे. आपला प्रश्न असा की वर आलेलं पाणी जातं कुठं, आणि त्याचा हिशेब गावाला कोण देतं.

आपल्या भाषेतलं गणित

लाखो लिटर म्हटलं की अंदाज येत नाही. म्हणून ओलिताच्या हिशेबात मांडू. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. गव्हाला किंवा संत्र्याला ५० मिलिमीटरचं एक भरणं दिलं तर एकरी २ लाख लिटर लागतात.

समजा, एखादी खदान रोज २० लाख लिटर उपसते. आकडा फक्त उदाहरणासाठी घेतला आहे, तुमच्या खदानीचा खरा आकडा मागून घ्या. २० लाख लिटर म्हणजे रोज दहा एकरांचं एक भरणं. वर्षाचे ७३ कोटी लिटर.

आता जमिनीत येतं किती ते बघू. देशात भूजलाचा अंदाज काढायची जी ठरलेली पद्धत आहे, तिच्यात अशा वालुकाश्मात पावसाचा सुमारे १२ टक्के भाग मुरतो असं धरतात. १००० मिलिमीटर पाऊस पडला तर १२० मिलिमीटर मुरलं, म्हणजे एकरी पावणेपाच लाख लिटरच्या आसपास. ७३ कोटीला त्यानं भागा. जवळजवळ १५०० एकरांवर मुरलेलं वर्षभराचं पाणी एकटी खदान वर काढते.

हे ढोबळ गणित आहे. उपशातलं काही पाणी खालच्या जुन्या साठ्याचं असतं, काही नाल्यातून परत झिरपलेलं. पण गणिताची दुसरी बाजूही बघा. त्याच १५०० एकरांत दीडशे बोअर असतील आणि प्रत्येक बोअर हंगामात १२० दिवस, रोज ५० हजार लिटर ओढत असेल, तर आपलाच उपसा ९० कोटी लिटर होतो. म्हणून आधी म्हटलं, दोन्हीनं. ज्याला खदानीकडं बोट दाखवायचं आहे त्यानं आधी आपला मोटर चालवण्याचा हिशेब तयार ठेवावा. नाहीतर समोरचा अधिकारी हाच आकडा काढून दाखवेल.

खांब काढले की काय होतं

भूमिगत खदानीत दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात कोळशात आडवे-उभे रस्ते कापतात आणि मधे चौकोनी खांब छताला आधार म्हणून सोडतात. या टप्प्यात वरच्या जमिनीला सहसा धक्का लागत नाही. खदानीत पाणी झिरपतं, पण सावकाश.

दुसऱ्या टप्प्यात परत येता येता तेच खांब कापून काढतात. त्याला डिपिलरिंग म्हणतात. आधार गेला की छत पाडलं जातं. त्या कोसळलेल्या जागेला खदानीतले लोक गोफ म्हणतात. गोफच्या लगेच वरचा खडक तुटून पडतो. त्याच्या वर, थराच्या जाडीच्या कित्येक पट उंचीपर्यंत, खडकाला उभ्या भेगा जातात. त्याच्याही वरचा खडक नुसता वाकतो. जमिनीवर हे खोलगट भाग, वाकडा झालेला बांध आणि धुऱ्यावरची लांब चीर अशा रूपात दिसतं.

भेगांचा पट्टा पाणी धरणाऱ्या वालुकाश्मापर्यंत पोचला की खालचा मजला गळायला लागतो. मधे जाड चिकण थर असला तर तो वाकतो आणि भेग बुजवून घेतो, जशी आपली काळी माती पहिल्या दोन पावसांत उन्हाळ्याच्या भेगा बुजवते. गोफमध्ये पाण्याबरोबर रेती भरली तर छत कमी बसतं आणि भेगाही कमी वर येतात. म्हणून गावानं विचारायचा पहिला प्रश्न नुकसानभरपाईचा नाही. पहिला प्रश्न असा: आमच्या शिवाराखाली छत पाडणार की रेती भरणार, आणि कोळशाच्या वर चिकण थर किती मीटर आहे?

कोणामुळं, हे ओळखायचं कसं

एका विहिरीवरून काही सिद्ध होत नाही. मी चार गोष्टी बघतो.

एक, अंतर. खदानीच्या कामापासून जवळची, मधली आणि लांबची अशा किमान तीन विहिरी एकाच दिवशी मोजायच्या. सगळ्या सारख्या उतरल्या तर पाऊस किंवा आपला उपसा. जवळची जास्त, लांबची कमी अशी उतरंड दिसली तर खदानीचा संशय रास्त.

दोन, पावसाळ्यातली चढ. चांगल्या पावसात विहीर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चढते. पाऊस नेहमीसारखा होऊनही ही चढ निम्म्यावर आली तर खाली कुठंतरी वाट झाली आहे.

तीन, क्रम. खदानीचा परिणाम असेल तर बहुधा बोअर आधी उतरतात, साध्या विहिरी मागून. चीर वरपर्यंत आली असेल तर मात्र साधी विहीर एकदम खाली जाऊ शकते.

चार, भरून येण्याचा वेळ. मोटर बंद केल्यावर विहीर पूर्वीच्या पातळीला यायला किती तास लागतात ते लिहा. पूर्वी रात्रीतून भरायची, आता दोन दिवस लागतात, हा पुरावा नुसत्या पातळीपेक्षा भारी आहे.

मोजायची रीत

विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा. दरवेळी तिथूनच मोजायचं. टेपला वजन बांधा. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. मोटर किमान बारा तास बंद असावी, म्हणून सकाळी स्टार्टर दाबायच्या आधी मोजा. बोअरसाठी दोन पदरी वायर आणि मल्टिमीटर पुरतो. वायरची टोकं उघडी करून खाली सोडा, पाण्याला लागली की काटा हलतो, तिथं वायरवर गाठ मारून मोजून घ्या.

वहीत तारीख, खोली, मागच्या महिन्याचा पाऊस, मोटर रोज किती तास चालली, इतकंच लिहायचं. महिन्यातून एकदा. शेजारच्या दोघांसमोर मोजा आणि त्यांची सही घ्या. मोबाईलवर टेपचा फोटो काढा. ही वही उद्या तहसीलमध्ये, कंपनीच्या कार्यालयात किंवा कोर्टात आपल्या बाजूनं बोलेल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तालुक्यात आहेत, त्या वर्षातून चार वेळा मोजतात. सर्वांत जवळची कोणती ते शोधा आणि तिचे जुने आकडे मागा. खदानीपासून लांबची अशी एखादी निरीक्षण विहीर मिळाली तर तुलनेला फार उपयोगी.

कागद कुठला बघायचा

पर्यावरण मंजुरीचं पत्र. बहुतेक कोळसा खदानींच्या मंजुरीत तीन अटी असतात. आजूबाजूच्या विहिरी आणि खास पाडलेल्या निरीक्षण बोअरमधली पातळी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजायची. दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा. आणि उपशामुळं गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या तर गावाची पाण्याची गरज कंपनीनं भागवायची.

ही तिसरी ओळ मी ज्यांना ज्यांना दाखवली, त्यांतल्या बहुतेकांनी ती पहिल्यांदाच वाचली. पत्र पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर शोधता येतं, नाहीतर माहिती अधिकारात मिळतं. आपल्या खदानीच्या पत्रात नेमके शब्द काय आहेत ते वाचा, कारण अट प्रत्येक पत्रात शब्दशः सारखी नसते. ग्रामसभेत ठराव करताना अटीचा क्रमांक लिहा. "विहिरी आटल्या, मदत करा" आणि "अट क्रमांक अमुकप्रमाणे पाणी द्या", या दोन अर्जांना मिळणारं उत्तर वेगळं असतं.

ते पाणी वावरात घ्यायचं का

खदानीचं पाणी नाल्याला सोडलं की काठावरचे कास्तकार मोटर लावतात. काहींचे गहू-चणे त्यावरच निघतात. ते म्हणतात, खदान बंद पडू नये. वरच्या अंगाचे म्हणतात, आमच्या विहिरी आटवून यांचं ओलीत चाललं. एकाच गावातले दोन्ही लोक खरं बोलतात, आणि ग्रामसभेत आवाज चढतो तो इथंच.

पाणी वाईटच असतं असं नाही. पाटणसावंगीच्या खदानीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावानं बाटल्यांतही भरलं गेलं. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी असतं, म्हणून मेघालयासारखं आंबट पाणी इकडं सहसा येत नाही. पण ते जड असतं. सल्फेट, बायकार्बोनेट आणि क्षार विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त निघू शकतात. तपासल्याशिवाय बागेत सोडू नका.

एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, तारीख-जागा लिहा, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत द्या. अहवालात हे बघा:

क्षारता, म्हणजे ईसी, ०.७ डेसीसायमनच्या खाली असेल तर निर्धास्त. ०.७ ते ३ मध्ये पीक आणि जमीन बघून. संत्रा नाजूक आहे, १.१ च्या वर गेलं की उत्पादनावर परिणाम सुरू होतो. कपाशी आणि गहू बरंच जास्त सोसतात. आरएससी १.२५ च्या आत चांगलं, २.५ च्या वर नको. भारी काळ्या जमिनीत सोडियमचं पाणी वर्षानुवर्षं दिलं तर माती चोपण होते, आणि ती परत आणायला जिप्सम, शेणखत आणि कित्येक हंगाम लागतात. लोह जास्त असेल तर ड्रिपचे ड्रीपर चोंदतात. कोळशाची भुकटी असेल तर आधी हौदात निवळू द्या. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, दोनदा तपासा. खाली नवीन सेक्शन सुरू झाला की पाण्याची चवसुद्धा बदलते.

तीन गोष्टी लगेच

वावरात चीर दिसली तर पाऊस यायच्या आत खदानीच्या व्यवस्थापकाला आणि तलाठ्याला लेखी कळवा, फोटोसह. ती चीर चिकणमाती ठोकून बुजवणं त्यांचं काम आहे. पावसाचं पाणी त्या चिरेतून सरळ गोफमध्ये जातं. आपला बांध फुटतो, आणि खाली काम करणारा आपल्याच गावचा पोरगा धोक्यात येतो.

शोधकामासाठी पाडलेली जुनी बोअर वावरात उघडी असतील तर त्यात पुनर्भरणाचं पाणी सोडू नका. ती नीट बुजवलेली नसली तर थेट कोळशापर्यंत वाट आहे.

शेततळं किंवा पाझर तलाव खांब काढलेल्या भागावर घेऊ नका. तिथं मुरवलेलं पाणी पंप परत वर काढणार. पुनर्भरण त्या भागाच्या बाहेर, वरच्या अंगाला करा. त्याच भागात तळं हवंच असेल तर अस्तर टाका.

खदान बंद झाली की

पंप बंद झाल्यावर खालची पोकळी भरायला लागते. ३ मीटर जाडीचा थर, १०० एकर, आणि खांब न काढता फक्त ३० टक्के कोळसा काढला असेल, तरी ३६ कोटी लिटरची जागा होते. हा मोठा साठा आहे, गावाच्या नळयोजनेला किंवा ओलिताला वापरता येईल असा. पण त्याची गुणवत्ता सुरुवातीची काही वर्षं खराब असू शकते, आणि शेजारी चालू खदान असेल तर तिच्या डोक्यावर तो टांगलेला हौद आहे. म्हणून बंद करण्याच्या आराखड्यात पाणी कोणाच्या ताब्यात राहणार, कोण तपासणार, कोण उपसणार, हे गावानं आत्ताच विचारायचं. कुलूप लागल्यावर उत्तर द्यायला तिथं कोणी नसतं.

काकांना मी विचारलं, इतकी वर्षं पाणी काढलंत, किती काढलं याची नोंद होती का? ते म्हणाले, "दर पाळीला लिहीत होतो. पंप किती तास चालला, सगळं रजिस्टरात. वर कोणी मागितलंच नाही कधी."

तर आपण मागू. येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्यायचे आहेत. पहिला, पंपाच्या तासांची आणि उपशाची महिन्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. दुसरा, शिवारातल्या बारा विहिरी आणि आठ बोअर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजायचे, आणि पुढच्या मेपर्यंत एकही महिना चुकवायचा नाही. टेप माझ्याकडं आहे, वायर शाळेतल्या सरांकडं. ज्यांची विहीर यादीत हवी त्यांनी गट क्रमांक आणि विहिरीची खोली कळवा. खदानीजवळच्या दुसऱ्या गावात कोणी अशा नोंदी आधीच ठेवल्या असतील तर वहीचे फोटो पाठवा. तुलनेला लागतील.